कष्टकरी वृद्धा, तैलरंग

महामाया : खिळे नंतर ठोका सर. आधी या चित्राखालची पाटी बदला, मग खोक्यात घाला.

इंद्रभान सर : बाई, दारात टेम्पो उभा आहे. चौदा चित्रं आज निघाली नाहीत, तर मुंबईच्या प्रदर्शनात आमच्या चित्रशाळेची भिंत रिकामी दिसेल. तुमचं जे काही असेल ते ऑफिसात लिहून द्या.

महामाया : दोनदा लिहून दिलं. उत्तर आलं नाही म्हणून स्वतः आले. बीबी गावाहून पहाटेची एसटी धरली, मेहकरला गाडी बदलली, अन् इथं खामगावात येऊन आम्ही दोघी दीड तास तुमच्या बाकावर बसलो. मी महामाया. शाळेत चित्रकला शिकवते. ही माझी आजी, केसरबाई. अन् तुम्ही हातात धरून उभे आहात, ती पण हीच.

इंद्रभान सर : या? या केसरबाई? पण मला तर कुणीतरी सांगितलं होतं की त्या...

केसरबाई : मेली म्हनून? मेली नाही गा. बीबीले गेली.

इंद्रभान सर : बसा ना. बसा. सहदेव, टेम्पोवाल्याला म्हणावं थांब दहा मिनिटं. काय विलक्षण योग आहे. चाळीस वर्षं झाली. पाणी घेता?

महामाया : पाणी बाकावर पिऊन झालं. पाटीचं बोला.

इंद्रभान सर : पाटीत काय चूक आहे? चित्राचं नाव, माध्यम, साल, चित्रकार. नियमाप्रमाणं आहे सगळं.

महामाया : वाचा ना मोठ्यानं. आजीला वाचता येत नाही, तिलाही कळू द्या.

इंद्रभान सर : 'कष्टकरी वृद्धा. तैलरंग. एकोणीसशे पंच्याऐंशी. इंद्रभान...'

महामाया : बस. तुमचं नाव आम्हाला माहीत आहे. हिचं कुठं आहे?

इंद्रभान सर : असं आहे, महामायाबाई, तुम्ही चित्रकलेच्या शिक्षिका आहात म्हणून सांगतो. हे व्यक्तिचित्र नाही, अभ्यासचित्र आहे. व्यक्तिचित्रात समोर बसणारा महत्त्वाचा. तो सांगतो, तो बसतो, चित्र त्याच्या घरी जातं. अभ्यासचित्रात बसणारा निमित्त असतो. प्रकाश, आकार, त्वचेचा पोत यांचा अभ्यास. जगभर हीच पद्धत आहे.

महामाया : मग व्यक्तिचित्रांच्या प्रदर्शनात काऊन पाठवता?

इंद्रभान सर : निवड आयोजकांची आहे.

महामाया : अन् प्रदर्शनाच्या पुस्तिकेची प्रस्तावना कुणाची आहे? तुमचीच ना? मोबाइलवर वाचली मी, तीन वेळा. पहिल्या पानावर नाण्यांवरचे राजे. मग दरबारातली लघुचित्रं, एका बाजूनं काढलेला चेहरा, हातात फूल, डोक्यामागं तेजाचं चक्र. मग साहेब आले, तैलरंग आले, अन् जहागीरदार खुर्चीत बसले. मग फोटो निघाले. अन् शेवटच्या पानावर तुम्ही लिहिलं की आता सामान्य माणूस चौकटीच्या मध्यभागी आला. त्याच्याखाली ही छापली. जहागीरदाराच्या चित्राखाली त्याचं नाव, बापाचं नाव, गावाचं नाव. सातव्या पानावर एका घोड्याचं नाव आहे सर. घोड्याचं.

इंद्रभान सर : तो घोडा इतिहासात प्रसिद्ध आहे.

केसरबाई : काय नाव होतं वं घोड्याचं?

महामाया : जाऊ दे आजी.

केसरबाई : सांग ना. घोड्याचा काय दोष हाये?

महामाया : अन् अजून एक लिहायचं तुम्ही विसरले. इंग्रजांनी आपल्या चित्रकारांकडून वह्याच्या वह्या करून घेतल्या होत्या. एका पानावर एक धोबी, एका पानावर एक न्हावी, एक भिस्ती, एक झाडूवाली. चेहरे माणसांचे, नाव धंद्याचं. बाजारातल्या भाजीचे नमुने असतात तसे. दोनशे वर्षं झाली. तुम्ही त्याच वहीचं पान काढलं, फक्त रंग महाग लावले.

इंद्रभान सर : हे बोलणं अन्यायाचं आहे. मी कुणी साहेब नव्हतो. माझे वडील दुसरबीडला वांगी-मिरच्या पिकवत होते. मी ही बाई काढली ती करुणेनं काढली.

केसरबाई : सर, तुम्ही वाचलं ते 'वृद्धा' म्हंजे काय?

महामाया : म्हातारी, आजी.

केसरबाई : कोण म्हातारी?

महामाया : तू.

केसरबाई : मी आता हावच म्हातारी. चित्र कवाचं म्हनले?

महामाया : पंच्याऐंशी सालचं.

केसरबाई : काऊन? पंच्याऐंशी साली तं तुहा प्रसेनजित काका अंगावर पेत होता. त्याले कापसाच्या जिनाच्या मांगच्या झोपडीत शेजारच्या जनकाबाईपाशी पाजून ठेवत होती अन् मंग इथं चित्रासाठी येऊन बसत होती. चौतीस वर्षाची होती मी. दूध भरून यायचं तं लुगड्याचा पदर वला होत जाय. अन् यायनं म्हनावं, हलू नोको.

महामाया : ऐकलं का सर? तुमची वृद्धा लेकराला पाजून येत होती.

इंद्रभान सर : वय मला तेव्हा ठाऊक नव्हतं. कष्टानं माणसं लवकर थकतात, दिसतात तशी.

केसरबाई : दाखवा बरं मले. तिकून उजेड येऊ द्या.

(चित्र खिडकीला टेकवून ठेवलं. केसरबाई जुन्या लाकडी चौथऱ्याच्या कडेला हात धरून उभी राहिली. चाळीस वर्षांत तिनं हे चित्र एकदाही पुरं झालेलं पाहिलं नव्हतं, आणि आता नातीकडं न बघता ती त्याच्याकडंच बघत होती.)

केसरबाई : कान माहाच हाये. हा पाह्य, फाटका. जिनाच्या पट्ट्यात डूल गुतला होता. अन् हनुवटीवरचं गोंदनबी माहंच, तीन टिपके. माह्या मायनं गोंदवलं होतं. ते तं बराबर काढलं बाप्पा.

इंद्रभान सर : तेच तर मी म्हणतो. बारीकसारीक सगळं पाहून काढलं आहे.

केसरबाई : मंग केस काऊन पांढरे?

इंद्रभान सर : प्रकाश तसा पडला असेल.

केसरबाई : मी पाह्यलं होतं ना. पंचवीस मिनिट बसा, पाच मिनिट उठा. उठली का मी सगळ्या पोराईच्या मांगून फिरून येत होती. सोळा पोरं होती, सोळा बाया निघत होत्या. एकाची लय जाड, एकाची तिरपी. तुमचीच माह्यासारखी होती. काळे केस होते तिचे. मी घरी जाऊन हिच्या आज्याले, भाऊरावले सांगतलं होतं, एक पोरगा हाये, बराबर काढते.

महामाया : सर, वर्गात केस काळे होते का?

इंद्रभान सर : होते.

महामाया : मग?

इंद्रभान सर : राज्याची स्पर्धा होती. आमचे त्या वेळचे सर होते, ते आता नाहीत. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, हात चांगला आहे, पण या बाईपाशी कोण थांबेल? तरुण मजूरबाई पाहून परीक्षकाचं काळीज हलत नाही. वय चढव. सुरकुतीशिवाय कष्ट दिसत नाहीत. मी चित्र खोलीवर नेलं. केसांवर पांढरा चढवला. गाल बसवले, डोळ्यांखाली काळं केलं, दोन दात काढून टाकले.

केसरबाई : कोणते?

इंद्रभान सर : अं?

केसरबाई : दात कोणते काढले?

इंद्रभान सर : वरचे. समोरचे.

केसरबाई : हे पाहा. दोन्ही हायेत अजून. दाढा गेल्या सगळ्या, पन हे हायेत.

महामाया : हसू नको आजी. हसण्यासारखं काही नाही यात.

केसरबाई : मंग काय करू? माहे दात हायेत, मी हासते.

महामाया : मला सांगा सर, त्या जहागीरदाराच्या चित्रात चित्रकारानं काय केलं असेल? पोट आत घेतलं असेल, रंग उजळ केला असेल, मिशीला पीळ दिला असेल. त्याला विचारून. पगडी त्यानं स्वतः निवडली असेल, खुर्ची त्यानं निवडली असेल. खोटं तिथंही आहे, पण ते त्याच्या मर्जीचं खोटं आहे. हिचं खोटं तुम्ही तुमच्या मर्जीनं केलं. हिला कुरूप केलं तेव्हा तुम्हाला बक्षीस मिळालं.

इंद्रभान सर : मी कुरूप केलं नाही. करुण केलं.

महामाया : तेच ते.

केसरबाई : लुगड्याचं सांगू का? पयल्या दिवशी मी हिरवं लुगडं नेसून आली होती, लग्नातलं. म्हटलं, फोटूसारखं काही असन. आमच्या घरी भिंतीवर दोनच तसबिरी, एक बुद्धाची, एक बाबासाहेबाची. बाबासाहेबाच्या अंगात कोट. भाऊराव म्हने, तो कोट त्यायनं सोताच्या पसंतीनं घातला, कोनं चढवला नाही. तूबी चांगलं नेसून जाय. तं गेली. त्या मोठ्या सरनं पाह्यलं अन् म्हने, हे नाही, जिनात घालता ते आना. फाटकं. मी म्हटलं, फाटकं तं रोजच घालते, चित्रात कायले? तं म्हने, बाई, चित्र आम्हाले काढाचं हाये, तुम्हाले नाही.

महामाया : हे मला कधी सांगितलं नाहीस.

केसरबाई : तू इचारलं कवा? तुले तं खिळाबी माहीत नाही.

इंद्रभान सर : कोणता खिळा?

केसरबाई : बाबासाहेबाच्या बाजूले भाऊरावनं एक खिळा ठोकला होता. मले वाटे, एवढे सोळा जन काढतात, तं एक तरी आपल्याले देत असतीन. इतके दिवस बसवतात मानसाले, रिकामं घरी पाठवतात का? म्हनून दरसाली बोलावलं का येत होती. औंदा नाही तं पुढच्या साली देतीन. सहा साल आली. मंग जिन बंद पडला अन् आमी बीबीले गेलो. तिथं नव्या घरीबी त्यानं पयले खिळा ठोकला, मंग बाकीचं सामान लावलं. हे महामाया त्याच्यावर दप्तर अडकवत होती शाळेचं.

महामाया : तो खिळा?

केसरबाई : तोच.

महामाया : सर, आता पेन काढा अन् नाव लिहा. माझं डोकं फिरायच्या आत लिहा.

इंद्रभान सर : लिहितो. ठीक आहे. तुम्ही इतक्या लांबून आलात, मी काही दगड नाही. 'कष्टकरी वृद्धा', आणि कंसात 'केसरबाई'. चालेल?

महामाया : 'वृद्धा' खोडा. केसरबाई, वय चौतीस, असं लिहा.

इंद्रभान सर : ते नाही जमणार.

महामाया : काऊन?

इंद्रभान सर : तुम्ही समजून घ्या. परीक्षकांनी लिहून दिलं होतं, 'वार्धक्याचं यथार्थ दर्शन'. ते प्रशस्तिपत्र चित्रशाळेच्या भिंतीवर आहे. त्या बक्षिसावर मला इथं नोकरी लागली. तेहतीस वर्षं मी याच वर्गात पोरांना सांगत आलो, जे दिसतं तेच काढा, एक रेघ पदरची घालू नका. या चित्राखाली चौतीस लिहिलं तर लोक आधी चित्राकडं बघतील, मग पाटीकडं, मग माझ्याकडं. नाव घ्या. वय सोडा.

महामाया : तुमची अब्रू जपायला हिनं म्हातारी राहायचं?

इंद्रभान सर : आता त्या आहेतच ना म्हाताऱ्या. कुणाला काय फरक पडतो?

महामाया : चला, मोठी मेहरबानी. नाव तरी द्या. आजी, घे. नाव तर येते आहे ना, तेवढं तरी घेऊ.

केसरबाई : नोको.

महामाया : काय नको?

केसरबाई : नाव नोको. नाव टाकलं अन् वय नाही, तं लोक म्हनतीन केसर तवाच म्हातारी झाली होती. जनकाबाई जिवंत हाये अजून. ते हासन. ते मी नाही, त्या बाईले माहं नाव कायले?

महामाया : अवं, नावासाठीच तर आलो आपण. माझी रजा कापली. हेडमास्तरचे बोल खाल्ले. दोन महिने अर्ज लिहिते आहे मी, अन् तू ऐन वेळी नको म्हणते?

केसरबाई : तू आली नावासाठी. मी पाहाले आली.

महामाया : मग मी मूर्ख आहे.

केसरबाई : हाव, जराशी. तुह्या आज्यावर गेली. तोबी खिळे ठोकत होता. सर, मले एक सांगा. वरचा पांढरा खरडला तं खालची निघन का? काळ्या केसाची? ते तं खालीच असन ना?

इंद्रभान सर : खाली आहे. पण निघणार नाही. चाळीस वर्षांत वरचा-खालचा थर एक झाला असेल. खरडलं तर दोन्ही जातील.

केसरबाई : मंग दुसरं काढा. तवा तरनी बाई समोर बसवून तुम्ही म्हातारी काढली. आता म्हातारी समोर हाये. तरनी काढा. तुम्हाले तं जमते.

इंद्रभान सर : नाही जमणार.

केसरबाई : काऊन? हात कापतो?

इंद्रभान सर : हात नाही कापत. मले... केसरबाई, मले तुमचं तवाचं तोंड आठवत नाही. मी लय डाव आठवून पाह्यलं. डोळे मिटले का हीच दिसते, पांढऱ्या केसाची. मीच काढलेली.

महामाया : आता वऱ्हाडी आली तोंडात. इतका वेळ पुण्याची भाषा चालली होती.

केसरबाई : चूप राह्य वं. इंद्रभान, मले तुहं आठवते.

इंद्रभान सर : माहं?

केसरबाई : उजव्या भुवईत खोक होती तुह्या. आता भुवई पांढरी झाली, त्याच्यात लपली. मिशी नुकती येऊन राह्यली होती, डाव्या अंगाले जास्त, उजव्या अंगाले कमी. पाहताना एक डोळा बारीक करे अन् जिभेचं टोक दाताखाली धरे. बुशकोटाची कॉलर उलटी करून शिवली होती, तुह्या मायनं शिवली असन, टाके मोठे होते. दुपारी डबा नसे तुह्यापाशी. माह्या डब्यातली भाकर खाय तू, ठेच्यासंगं. पन पोरं बाहेर गेल्यावर. पोराईच्या समोर नाही.

इंद्रभान सर : हाव.

केसरबाई : अन् माह्याकडं कवाबी पाह्यलं तं कपाळाकडं पाहे, कानाकडं पाहे, हनुवटीकडं पाहे. डोळ्यात नाही पाह्यलं एकडाव. मले हलू नोको म्हनत होते सगळे. पाहू नोको कोनं म्हटलं नव्हतं. तं मी पाहत होती.

महामाया : टेम्पोवाला हॉर्न वाजवून राह्यला सर.

इंद्रभान सर : वाजवू दे. ती कोरी पाटी द्या इकडं, खोक्यावरची. पेन आहे का तुमच्यापाशी? माझं चालत नाही. नाव पुरं सांगा.

केसरबाई : म्हटलं ना, वय नाही तं नाव नोको.

इंद्रभान सर : सांगा तं खरं.

केसरबाई : केसरबाई भाऊराव इंगळे.

इंद्रभान सर : गाव?

केसरबाई : तवाचं खामगाव. जिनाच्या मांगं.

इंद्रभान सर : काम?

केसरबाई : जिनात रुई वेचाचं. अन् इतवारी इथं बसाचं. तेबी कामच होतं, लिह्य.

इंद्रभान सर : लिहिलं.

महामाया : थांबू नका. पुढं लिहा.

इंद्रभान सर : वय... काय लिहू, केसरबाई?

केसरबाई : बसली तवा चौतीस होतं. उठवलं तवा तू किती केलं, ते तूच लिह्य.